विहिरीतला तांबडा थर

१९७२ च्या दुष्काळात आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या माण तालुक्यात आमचे गाव. महाबळेश्वरावर मनसोक्त कोसळणारा पाऊस आमच्याकडे येईपर्यंत पार थकलेला असतो. त्या वर्षी तर तो आलाच नाही. तेव्हा आमच्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, विहीर आणखी खोल न्यायचे ठरवले. मी पाचवीत होतो. शाळा सुटली की दप्तर फेकून थेट विहिरीच्या काठावर जाऊन बसायचे, यारीवरून वर येणारा दगडमातीचा ढीग बघायचा, हा माझा त्या उन्हाळ्यातला उद्योग.

विहीर खोदणाऱ्या मिस्त्रींना अक्षरओळख नव्हती. पण जमिनीच्या पोटाची त्यांना बारकाईने माहिती होती. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग डोळेडोळे असलेला, पांढऱ्या ठिपक्यांचा मऊसर मांजऱ्या आणि त्याखाली पहारीला दाद न देणारा काळा पाषाण. हा क्रम त्यांना तोंडपाठ होता. सुरुंग लावत लावत पंचेचाळीस फुटांच्या आसपास गेल्यावर एके दिवशी पाटीतून चक्क तांबडी माती वर आली. विटेच्या रंगाची, हाताने चुरडणारी. मिस्त्री वर आले, घाम पुसत म्हणाले, "तात्या, तांबडं लागलं. आता हितनं खाली पुन्हा पयल्यापासनं."

"पयल्यापासनं म्हंजे?" तात्यांनी विचारले.

"म्हंजे पुन्हा मांजऱ्या, पुन्हा काळा. वर हाय तसंच."

आणि झालेही तसेच. तांबडा पट्टा हातभर जाडीचा होता. तो संपताच पुन्हा डोळेडोळे असलेला खडक लागला. त्याचे बहुतेक डोळे मात्र पांढऱ्या गारगोट्यांनी बुजलेले होते आणि तो कोरडा ठाक होता. जी काही ओल पाझरत होती, ती तांबड्या पट्ट्याच्या बरोबर वरून. तात्यांनी आणखी दहा फूट खोदून काम थांबवले. खालचा भाग पाणी साठवायला टाक्यासारखा उपयोगी पडला, एवढेच.

मला मात्र एक प्रश्न चिकटला तो कायमचा. पन्नास फूट दगडाखाली माती आली कुठून? माती तर वर असते!

वर नवे, खाली जुने

याचे उत्तर मिळायला मला कॉलेजात भूशास्त्राच्या वर्गात जाऊन बसावे लागले. त्या उत्तराची सुरुवात मात्र साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे. निकोलस स्टेनो नावाचा डेन्मार्कचा एक वैद्य इटलीतल्या टस्कनीत राहत होता. तिथल्या डोंगरांतले थर पाहून १६६९ मध्ये त्याने एक साधा नियम मांडला. थर उलटेपालटे झालेले नसतील, तर खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा. घरात साठलेल्या वर्तमानपत्रांच्या रद्दीचा जो नियम, तोच डोंगराचा. तळाला जुना अंक, वर आजचा.

नियम सोपा, पण त्यातून निघणारा अर्थ पचवायला माणसाला आणखी शंभरावर वर्षे लागली. स्कॉटलंडच्या जेम्स हटनने काही वर्षे स्वतः शेती केली होती. शेतातली माती पावसाने ओढ्यात, ओढ्यातून समुद्रात वाहून जाताना तो पाहत होता. माती अशी सतत जात असेल आणि तरीही जमीन शिल्लक असेल, तर कुठेतरी नवी जमीन तयार होत असली पाहिजे, असा त्याचा सरळ हिशेब. १७८८ मध्ये सिकार पॉइंट या समुद्रकाठच्या कड्यावर त्याला त्याचा पुरावा दिसला. खाली जवळजवळ उभे झालेले खडकाचे थर आणि त्यांच्या झिजलेल्या माथ्यावर वेगळ्याच खडकाचे जवळजवळ आडवे थर. म्हणजे आधी समुद्रतळाशी गाळ साठला, त्याचा खडक झाला, तो उचलला जाऊन उभा झाला, झिजून सपाट झाला आणि मग त्यावर पुन्हा नवा गाळ बसला. हे सगळे घडायला काही हजार वर्षे पुरणारी नव्हती. पृथ्वीला अफाट वय आहे, ही गोष्ट त्या कड्याने सांगितली.

ते वय आकड्यात सांगणे विसाव्या शतकात किरणोत्सर्गाच्या अभ्यासामुळे जमले. काही मूलद्रव्ये ठरलेल्या गतीने दुसऱ्यात बदलत जातात. युरेनियमच्या एका प्रकाराचे निम्मे शिसे व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. खडकात युरेनियम किती उरले आणि शिसे किती झाले हे मोजले की खडकाचे वय निघते. याच मार्गाने अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये अशनींच्या तुकड्यांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. तो आकडा आजही जवळजवळ तसाच टिकून आहे.

दगडी पायऱ्यांचा देश

आता आमच्या विहिरीकडे येऊ. किंवा असे करू, तुम्ही पुढच्या वेळी बसने किंवा रेल्वेने खंडाळ्याचा, कसाऱ्याचा नाहीतर वरंध्याचा घाट चढाल, तेव्हा खिडकीतून समोरच्या डोंगराकडे नीट पाहा. उभा कडा, मग थोडी झाडीची उतरती पट्टी, पुन्हा उभा कडा, पुन्हा पट्टी. एखाद्या महाकाय जिन्यासारखी ही रचना आहे. स्वीडिश भाषेत जिन्याला 'ट्रॅपा' म्हणतात. त्यावरूनच आपल्या या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' हे नाव पडले. यातली प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर, किंवा एकावर एक बसलेल्या थरांचा गट.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि पातळ, तप्त लाव्हा बाहेर लोटला. चित्रातल्यासारखे शंकूच्या आकाराचे ज्वालामुखी आपल्याकडे उरलेले नाहीत ते त्यामुळेच. हा लाव्हा पुरासारखा पसरला. आज महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगण यांचे काही भाग मिळून सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने झाकलेला आहे. काही लोट तर आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे सुमारे हजार किलोमीटर वाहत गेले असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात.

लाव्ह्याचा थर निवताना त्यातला वायू वर येतो. त्यामुळे थराचा माथा बुडबुड्यांनी सच्छिद्र होतो आणि पोट घट्ट राहते. माथा म्हणजे मिस्त्रींचा मांजऱ्या, पोट म्हणजे त्यांचा काळा पाषाण. पुढे त्या छिद्रांत पाण्याबरोबर आलेली खनिजे हळूहळू साठून स्फटिक बनतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत मिळालेले निळेशार कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेले आहे, ते अशाच पोकळ्यांतले. अजिंठा-वेरूळच्या शिल्पकारांनी छिन्नी चालवली तीही याच लाव्ह्यावर.

शास्त्रज्ञांनी या थरांची रासायनिक घडण तपासून त्यांचे गट पाडले आणि गटांना इथल्याच गावांची, घाटांची नावे दिली. तळाशी जव्हार आणि इगतपुरी, मग नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, त्यावर खंडाळा, बुशी, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा. जगातल्या भूशास्त्राच्या नियतकालिकांत ही मराठी नावे जशीच्या तशी छापली जातात. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणारा आंबेनळी घाट आपण तासाभरात चढतो. त्या तासाभरात आपण पृथ्वीच्या इतिहासाची कितीतरी हजार वर्षे ओलांडलेली असतात.

विश्रांतीची वर्षे

हे सगळे लोट एका दमात आले असते, तर आमच्या विहिरीत तांबडा पट्टा लागला नसता. एक लोट येऊन गेला की मध्ये विश्रांती असे. कधी शेकडो, कधी हजारो वर्षांची. त्या काळात लाव्ह्याच्या माथ्यावर ऊन-पावसाचे काम चाले. दगड कुजून माती होई, झाडेझुडपे उगवत, तळी साठत. मग पुढचा लोट येई आणि ते सारे झाकून टाकी. त्याच्या धगीने खालची माती भाजून विटेसारखी होई. आमच्या विहिरीतला तांबडा पट्टा म्हणजे एके काळची उघडी जमीन. तिच्यावर ऊन पडले होते, पाऊस पडला होता. हे कळले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

या विश्रांतीच्या काळातले जीव कसे होते, हेही दगडांनी जपून ठेवले आहे. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या गाळाच्या खडकात बोटभर लांबीच्या बेडकांचे अश्मीभूत सांगाडे सापडले. 'डायनोसॉर' हा शब्द घडवणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज जिथे उंच इमारती आहेत, तिथे दोन लोटांच्या मधल्या काळात एखाद्या तळ्याकाठी हे बेडूक डरांव डरांव करीत होते.

आणि गंमत अशी की, जिच्याकडे विहीर खोदणारे 'चुरा' म्हणून पाहतात, त्या तांबड्या मातीनेच अलीकडे मोठी कामगिरी केली. दोन लोटांच्या मधल्या काळात पडलेल्या ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉनचे सूक्ष्म कण या मातीत अडकलेले असतात. त्यांत युरेनियम असते, म्हणजे घड्याळ असते. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचे ब्लेअर शोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या अशा थरांतले कण तपासून २०१५ आणि २०१९ मध्ये निष्कर्ष मांडले. या उद्रेकांचा मोठा भाग दहा लाखांपेक्षाही कमी वर्षांत उरकला होता. दुसऱ्या एका गटाने वेगळ्या पद्धतीने काढलेला कालावधीही जवळपास तेवढाच निघाला.

याच काळात डायनोसॉर नाहीसे झाले. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर चिक्शुलुब येथे आदळलेली अवाढव्य उल्का हे त्याचे मुख्य कारण, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्यात दख्खनच्या लाव्ह्याबरोबर बाहेर पडलेल्या वायूंचा वाटा किती, यावर मात्र अजून वाद चालू आहे. म्हणजे जगातल्या एका मोठ्या मृत्यूप्रकरणात आपला सह्याद्री संशयितांच्या यादीत आहे!

लाव्ह्याच्या खाली

लाव्ह्याच्या आधी इथे काय होते, ते पाहायला विदर्भात जावे लागते. तिकडे लाव्ह्याची कड संपते आणि जुने खडक उघडे पडतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा गावाजवळ डायनोसॉरची हाडे सापडतात, तशी शेणाचे दगड झालेली ढेकळेही सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही ढेकळे तपासली, तेव्हा त्यांत गवताचे सूक्ष्म अवशेष निघाले. डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतेच, असा तोपर्यंतचा समज होता. २००५ मध्ये तो चंद्रपूरच्या शेणाने खोटा ठरवला.

याच चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पण तिथल्या चुनखडीवर समांतर ओरखडे आहेत. हे ओरखडे हिमनदीने ओढत नेलेल्या दगडांचे आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता. आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका यांच्याशी जोडलेला होता आणि बर्फाखाली होता. त्या जोडखंडाला जग 'गोंडवन' म्हणते. गोंडांच्या भूमीवरून आलेले हे नाव. बर्फ हटल्यावर तिथे दलदलीची अरण्ये वाढली, गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. तोच आज आपण वीजकेंद्रांत जाळतो.

पुढे गोंडवन फुटले आणि आपला भूखंड उत्तरेकडे निघाला. वाटेत तो पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून गेला, तेव्हा आपल्याकडे लाव्हा फुटला. ती जागा आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे, असे मानले जाते. त्यानंतर हा भूखंड आशियाला भिडला आणि हिमालय उभा राहिला. इकडे पश्चिमेला जमीन तुटून सह्याद्रीचा कडा घडला. गोदावरी अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर उगम पावते आणि समुद्राकडे पाठ करून थेट बंगालच्या उपसागराला जाते. या कड्यामागची जमीन पूर्वेकडे कललेली आहे, म्हणून. कोकणातला जांभा आणि देशावरची कापूस-ज्वारीची काळी माती ही दोन्ही त्याच लाव्ह्याची लेकरे. अती पावसाने एकीला घडवले, बेताच्या पावसाने दुसरीला.

जमीन अजून स्वस्थ नाही

हे सगळे फार पूर्वी घडून संपले, असे समजण्यात मात्र धोका आहे. दख्खनचे पठार भक्कम, इथे मोठा भूकंप होत नाही, असा एक समज होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, किल्लारी आणि आसपासची गावे ढिगाऱ्याखाली गेली आणि जवळजवळ दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर किल्लारीत भोक पाडून पाहिले, तर लाव्ह्याचे आवरण सुमारे ३४० मीटर निघाले. कोयनेच्या परिसरात २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोल भोक पूर्ण झाले. तिथे हे आवरण सुमारे सव्वा किलोमीटर जाड आहे. दोन्हीकडे त्याच्याखाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा पाया आहे आणि भारतीय भूखंड अजूनही उत्तरेला रेटा देत असल्यामुळे त्या पायातल्या जुन्या भेगांवर ताण येत राहतो. घर कसे बांधायचे, हा प्रश्न म्हणूनच भूशास्त्राचाही आहे.

सहाशे फुटांचा हिशेब

आता पुन्हा गावाकडे. २०१३ च्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याने कर्ज काढून सहाशे फूट बोअर घेतले. मी तिथे उभा होतो. यंत्राच्या तोंडातून आधी करडी भुकटी उडाली, मग तांबडी, मग पुन्हा करडी, पुन्हा तांबडी. चार वेळा तांबडे आले. माझ्या डोळ्यांसमोर चार जुन्या जमिनी येऊन गेल्या. पुतण्याच्या डोळ्यांसमोर मात्र कर्जाचे हप्ते होते. कारण पाणी आलेच नाही.

"काका, आणखी दोनशे फूट घेऊ का?" त्याने विचारले.

त्या रात्री ओसरीवर मी त्याला एक हिशेब सांगितला. हे सहाशे फूट म्हणजे पृथ्वीचे सगळे आयुष्य समज. मग चंद्रपूरचा बर्फ वरून चाळीस फुटांवर लागेल. आपला लाव्हा नऊ फुटांच्या आत. लोणारचे सरोवर ज्या आघाताने झाले, त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षे मानत, आता पावणेसहा लाख निघाले आहे. तरी तो एका इंचाच्या आतच येईल. आपण माणसे अर्ध्या इंचात. आणि मराठी भाषेची लिहिलेली हजार वर्षे? ती कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. हे दगड जसे पूर्वीचे, तसे खोल भेगांत असलेच तर ते पाणीही फार जुने असते. आपण ते वर्षात उपसू, पण ते वर्षात भरणार नाही. आपल्या खडकात पाणी मावते ते मुख्यतः वरच्या कुजलेल्या मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत, तेही शंभर भागांत दोन-तीन भाग. खाली तांबडा थर त्याला अडवतो. डोंगरात झरे फुटतात ते बहुधा अशाच जागी. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानेही ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधने घातली आहेत, ती याच कारणासाठी.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे तात्याआजोबांच्या मिस्त्रींना ठाऊक होतं."

ठाऊक होतेच. कारण ठाऊक नसेल, पण क्रम ठाऊक होता.

पुतण्याने पुढचे दोनशे फूट घेतले नाहीत. त्या पैशांत जुन्या विहिरीतला गाळ काढला, वरच्या ओढ्यावर चौघा शेजाऱ्यांबरोबर दोन दगडी बांध घातले. ऊस लावायचा बेत सोडला. ज्वारी आणि हरभरा धरला. सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही. अजूनही एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. बोअरचे कर्ज फिटायला पाच वर्षे लागली.

गेल्या वर्षी संक्रांतीला गावी गेलो, तेव्हा विहिरीत डोकावून पाहिले. तांबडा पट्टा दिसला नाही. पाणी त्याच्या चार हात वर होते.